दहा वर्षांत मोठा कोण? बॉक्सिंगची यादी वाचायची कशी

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर जून-जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, पाऊस धरून राहिलेला असतो आणि मांगरात बसून जाळी दुरुस्त करणं एवढंच काम हाताला असतं. अशाच एका दुपारी भाची येऊन बसली आणि तिने फोन माझ्यासमोर धरला. "मामा, ह्या खरा आसा?"

फोनवर एक यादी होती. प्रत्येक दशकातला सर्वांत मोठा बॉक्सर कोण, याची. जॅक जॉन्सन, जॅक डेम्प्सी, जो लुईस, रॉकी मार्सियानो, मुहम्मद अली, माइक टायसन. भाची शालेय स्पर्धांमध्ये ५० किलोखालच्या गटात खेळते. यादी करणाऱ्याला जे सुचलं नाही ते तिने एका वाक्यात विचारलं, "हेच्यात बारीक कोणच कसो नाय?"

मी बावीस वर्षं मालवाहू बोटींवर काढली. बरोबरचे निम्मे खलाशी फिलिपिनो असायचे आणि त्यांच्यामुळे मला बॉक्सिंगचं वेड लागलं. मेसमध्ये बसून जुन्या लढती पाहणं, कोण मोठा यावर रात्र-रात्र वाद घालणं, हेच आमचं करमणुकीचं साधन होतं. त्या वादांतून जे कळलं ते भाचीला चार-पाच दुपारी सांगितलं. तेच इथे मांडतो आहे.

पहिली गोष्ट वजनाची. गावातल्या कबड्डी स्पर्धेत वजनी गट का ठेवतात हे कोकणात कोणाला शिकवावं लागत नाही. ५५ किलोच्या पोराला ८० किलोच्या गड्याने धरलं तर चढाईचं कौशल्य दिसणारच नाही. बॉक्सिंगमध्येही तसंच आहे. फ्लायवेटची मर्यादा ११२ पौंड, म्हणजे साधारण ५१ किलो. तिथून बँटमवेट, फेदरवेट, लाइटवेट, वेल्टरवेट, मिडलवेट, लाइट हेवीवेट असं चढत जाऊन शेवटी हेवीवेट, ज्याला वरची मर्यादाच नाही. भाचीच्या फोनवरच्या यादीत सगळे या शेवटच्या गटातले होते. ती यादी दशकातल्या सर्वांत मोठ्या बॉक्सरची नव्हती, सर्वांत मोठ्या देहाच्या बॉक्सरांपैकी सर्वोत्तमाची होती. खरी तुलना करायची तर मनातल्या मनात सगळ्यांचं वजन सारखं धरायचं आणि मग विचारायचं, कोण जास्त चांगला? इंग्रजीत त्याला पाउंड फॉर पाउंड म्हणतात. हा शब्द बॉक्सिंगवर बोलणाऱ्याच्या तोंडी सतत असतो. हेवीवेट वगळा असा याचा अर्थ नाही. देहाचे गुण कोणाला द्यायचे नाहीत, एवढंच.

दुसरी गोष्ट दशकाची, आणि इथे बहुतेक वाद चुकीच्या वाटेने जातात. आमच्याकडे होडीचा हिशोब नारळी पौर्णिमेच्या सुमाराला सुरू होतो आणि मे संपताना बंद होतो. उद्या कोणी जानेवारी ते डिसेंबर असा हिशोब मागितला, तर अर्धा हंगाम गेल्या वर्षीचा आणि अर्धा यंदाचा येईल, आणि चांगला हंगाम कोणता ते कळणारच नाही. बॉक्सरच्या ऐन उमेदीची वर्षं पाच-सात असतात. ती नेमकी शून्यापासून नवापर्यंतच्या चौकटीत बसली तर त्याचं नशीब. मध्येच दशक बदललं तर त्याचा हंगाम दोन वह्यांत वाटला जातो. एक उदाहरण सांगतो. शुगर रे लेनर्डने विल्फ्रेड बेनिटेझला हरवून पहिलं जागतिक विजेतेपद मिळवलं ते ३० नोव्हेंबर १९७९ ला. आणखी पाच आठवडे उशीर झाला असता तर तो विजय ऐंशीच्या दशकाच्या खात्यात जमा झाला असता. तेव्हा यादी करायची तर नियम कडक हवा. त्या दहा वर्षांत जे घडलं तेवढंच धरायचं. आधीचं नाव नाही, नंतरची कीर्ती नाही.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. बॉक्सरचं नाव वाचण्याआधी त्याच्यासमोर कोण उभे होते त्यांची नावं वाचायची. जय-पराजयाचे आकडे फसवतात. ४०-० असा आकडा चाळीस दुबळ्यांना हरवूनही होतो. आणि ज्यांच्याशी तो लढलाच नाही त्यांची नावंही शोधायची, आणि का लढला नाही ते विचारायचं.

हे तीन नियम हातात धरून आम्ही सुरुवातीपासून निघालो.

हातमोजे आणि तीन मिनिटांच्या फेऱ्या हे आजच्या बॉक्सिंगचं रूप १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांपासून आलं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लढती आज ओळखूही येणार नाहीत. १९०६ मध्ये नेव्हाडातल्या गोल्डफिल्ड या गावात जो गान्स आणि बॅटलिंग नेल्सन ४२ फेऱ्या लढले. आज विजेतेपदाची लढत १२ फेऱ्यांची असते. नेल्सनने कमरेखाली ठोसा मारल्यामुळे गान्सला विजयी ठरवलं. १९०२ पासून लाइटवेटचा चॅम्पियन असलेला हा कृष्णवर्णीय माणूस ठोसा चुकवण्याच्या आणि मोजून परत मारण्याच्या कलेचा पहिला मोठा गुरू मानला जातो. पहिलं दशक मी डोळे मिटून त्याला देतो.

पुढच्या दशकापाशी मात्र आम्ही दोन दुपारी थांबलो.

फोनवरच्या यादीत जॅक जॉन्सनचं नाव होतं आणि ते चूक म्हणता येणार नाही. २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट चॅम्पियन झाला. ४ जुलै १९१० ला रीनोमध्ये त्याने निवृत्तीतून परत आणलेल्या जिम जेफ्रीजला लोळवलं, आणि त्या निकालाने चिडलेल्या गोऱ्या जमावांनी अमेरिकेत अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले केले. एवढं ओझं खांद्यावर घेऊन रिंगणात उतरणारा माणूस मोठाच. पण आमच्या तिसऱ्या नियमाने विचारलं, तो कोणाशी लढला नाही?

उत्तर आहे सॅम लँगफर्ड. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात जन्मलेला, उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या वर. लाइटवेटपासून सुरुवात करून तो हेवीवेटपर्यंत सगळ्यांशी लढला. १९०३ मध्ये त्याने गान्सला हरवलं, पण लढत विजेतेपदासाठी नव्हती. १९०६ मध्ये जॉन्सन आणि तो समोरासमोर आले. जॉन्सन वजनाने बराच जड होता आणि १५ फेऱ्यांत जिंकला. पुढे जॉन्सन चॅम्पियन झाला, लँगफर्डही ताकदीने भरला, पण जॉन्सनने त्याला पुन्हा कधी संधी दिली नाही. गोरे चॅम्पियन तर कृष्णवर्णीय आव्हानवीराला दारातच उभे करत नव्हते. मग लँगफर्ड, हॅरी विल्स, सॅम मॅक्वी, जो जीनेट ही त्या काळातली चार उत्तम हेवीवेट माणसं एकमेकांशीच लढत राहिली. एकदा-दोनदा नव्हे, लँगफर्ड आणि विल्स डझनाहून जास्त वेळा. दारं बंद असल्यामुळे त्याच त्या प्रतिस्पर्ध्यांशी, तेवढ्याच तोलामोलाच्या, वर्षामागून वर्षं.

"मगे तेका कोणी संधीच कित्याक देवक नाय?" भाचीने विचारलं. मी म्हटलं, कारण त्याच्या कातडीचा रंग, आणि दुसरं कारण म्हणजे तो हरवेल ही भीती. दोन्ही एकत्र असली की बहाणा सापडायला वेळ लागत नाही. लँगफर्डची दृष्टी गेली. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एका पत्रकाराला तो अंध आणि कफल्लक अवस्थेत सापडला. बातमी छापून आल्यावर लोकांनी पैसे जमवून त्याच्यासाठी निधी उभा केला. जागतिक विजेतेपदाचा पट्टा त्याच्या कमरेला कधी लागला नाही. १९१० चं दशक मी त्याला देतो, आणि यावर कोणी वाद घालायला आला तर मी मांगरात आहे.

विसाच्या दशकात वेगळीच अडचण येते. त्या सुमारास अमेरिकेतल्या काही राज्यांत असा कायदा होता की दोघंही शेवटपर्यंत उभे राहिले तर निकाल जाहीरच करायचा नाही. न्यूयॉर्कमध्ये १९११ ते १९१७ या काळात असंच चाले. जुगाराला आळा बसावा हा हेतू. मग दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमीदार लिहील तो निकाल. सिंधुदुर्गात ज्याने डबलबारी भजन ऐकलं आहे त्याला हे चटकन समजेल. दोन बुवा रात्रभर समोरासमोर गातात, एकमेकांना कोडी घालतात, उत्तरं देतात. बरेचदा पंच नसतो. कोण भारी ठरला ते सकाळी चहाच्या टपरीवर ठरतं, आणि दोन टपऱ्यांवर दोन निकाल लागतात. हॅरी ग्रेबच्या सुमारे ३०० लढतींपैकी बऱ्याच लढती अशाच टपरीवरच्या निकालाच्या आहेत. त्यातून त्याच्या एकाही लढतीची फिल्म आज उपलब्ध नाही. मग त्याला मोजायचं कशावरून? समोरच्या नावांवरून. नंतर डेम्प्सीला दोनदा हरवणारा जीन टनी आयुष्यात एकदाच हरला, १९२२ मध्ये, ग्रेबकडून, आणि ग्रेब तेव्हा त्याच्यापेक्षा हलका होता. पुढे ग्रेब १९२३ ते १९२६ मिडलवेटचा चॅम्पियन होता, तोही एका डोळ्याची दृष्टी गमावलेली असताना. फोनवरच्या यादीतला डेम्प्सी नावाने मोठा आहे, पण त्याच दशकात तो पूर्ण तीन वर्षं विजेतेपदासाठी लढलाच नाही. दशक ग्रेबचं.

तिसाचं दशक सोपं आहे. हेन्री आर्मस्ट्राँग. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्याने फेदरवेटचं विजेतेपद जिंकलं, मे १९३८ मध्ये बार्नी रॉसला हरवून वेल्टरवेटचं, आणि ऑगस्ट १९३८ मध्ये लू अँबर्सला हरवून लाइटवेटचं. तीन गटांचा चॅम्पियन एकाच वेळी. फेदरवेटची मर्यादा १२६ पौंड आणि वेल्टरवेटची १४७, यावरून झेप लक्षात येईल. आजही तीन-चार गटांत विजेतेपदं घेतलेले बॉक्सर आहेत, पण तेव्हा आणि आता यांत फरक आहे. तेव्हा मुख्य गट आठ होते. आज १७ आहेत, आणि मान्यता देणाऱ्या मोठ्या संघटना चार. १७ चोक ६८. म्हणजे कागदावर एकाच वेळी ६८ पट्टे वाटता येतात. आर्मस्ट्राँगने आठांतले तीन एकट्याने धरले होते. १९४० मध्ये तो मिडलवेटच्या पट्ट्यासाठीही लढला आणि ती लढत बरोबरीत सुटली. जो लुईसवर माझं प्रेम आहे. १९३८ मध्ये त्याने मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवलं ती लढत मी किती वेळा पाहिली असेल कोण जाणे. तरीही हे दशक आर्मस्ट्राँगचं.

चाळीसच्या दशकात शुगर रे रॉबिन्सन. इथे मेसमधले आम्ही सगळे एकमताचे असायचो, आणि असं क्वचितच व्हायचं. तो ऑक्टोबर १९४० मध्ये व्यावसायिक झाला आणि त्या संपूर्ण दशकात एकदाच हरला, फेब्रुवारी १९४३ मध्ये जेक लामोटाकडून. लामोटा मिडलवेट, रॉबिन्सन वेल्टरवेट. तीनच आठवड्यांनी त्याने त्याच लामोटाला हरवलं. दोघं एकूण सहा वेळा लढले आणि पाच वेळा रॉबिन्सन जिंकला. त्या हरीनंतर १९५१ पर्यंत तो हरला नाही. आणि तेव्हाचे बॉक्सर वर्षाला दोन लढती करत नसत. महिन्याला एक-दोन करत. त्याच्या कारकिर्दीत दोनशे लढती आहेत. डाव्या हाताने चालत्या पावलांवर मारणं, मागे सरकतासरकता मारणं, दोन्ही हातांनी एका ठोशात संपवणं, हे सगळं एका माणसात. भाचीला मी त्याच्या लढती दाखवल्या तेव्हा ती बराच वेळ त्याच्या पायांकडेच बघत होती. तिला बरोबर कळलं होतं.

पण नियम तो नियम. रॉबिन्सन चार्ली बर्लीशी लढला नाही. बर्ली हा त्या काळातला आणखी एक कृष्णवर्णीय मिडलवेट, ज्याला विजेतेपदाची संधीच मिळाली नाही. एझर्ड चार्ल्सने मात्र १९४२ मध्ये त्याला दोनदा हरवलं, आणि पुढे आर्ची मूरला तीन वेळा. चार्ल्सला दुसरा क्रमांक द्यायला मी कचरत नाही, आणि कोणी त्याला पहिला म्हटलं तर मी त्याचं ऐकून घेईन.

पन्नासच्या दशकात नेहमी मार्सियानोचं नाव येतं, कारण ४९-०. हा आकडा फार जड आहे. निवृत्त होताना एकही पराभव नसलेला हेवीवेट चॅम्पियन. कोणाच्या कष्टांना मी कमी लेखत नाही, आणि मार्सियानोचे कष्ट दगड फोडणाऱ्याचे होते. पण समोरची नावं बघा. लुईस त्याच्यासमोर आला १९५१ मध्ये, ३७ व्या वर्षी. जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचा होता. मूर चाळिशीच्या आसपास. मोठी नावं, उतारवयातली. याच दशकात रॉबिन्सनने मिडलवेटचं विजेतेपद पाच वेळा जिंकलं, १९५१ ते १९५८ दरम्यान, मध्ये निवृत्ती घेऊन आणि परत येऊन. तो या काळात हरलाही. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या उकाड्यात लाइट हेवीवेटचा चॅम्पियन जोई मॅक्झिमशी लढताना तो गुणांवर पुढे होता, पण उष्म्याने कोसळला आणि चौदाव्या फेरीसाठी उठू शकला नाही. उकाडा असा की त्याच्याआधी पंचालाच बदलावं लागलं होतं. ती हार मी त्याच्या खात्यात धरतो, पण ती वरच्या गटात जाऊन, जिंकता-जिंकता झालेली हार आहे. पराभव मोजायचा नसतो, तोलायचा असतो. कोणाकडून, कोणत्या वजनात, कोणत्या वयात? दशक पुन्हा रॉबिन्सनचं, थोड्या फरकाने.

साठच्या दशकात मी लोकांना चकित करतो. अली १९६४ ते १९६७ चॅम्पियन होता, नऊ वेळा विजेतेपद राखलं, एकदाही हरला नाही. मग व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्यामुळे त्याचं विजेतेपद काढून घेतलं, आणि मार्च १९६७ पासून ऑक्टोबर १९७० पर्यंत त्याला लढूच दिलं नाही. वयाची २५ ते २८. कोणाच्या आयुष्यातून ती साडेतीन वर्षं काढून घ्या आणि मग काय उरतं ते बघा. दशकाचा कडक नियम लावला तर ब्राझीलचा बँटमवेट एडेर जोफ्रे पुढे जातो. १९६५ पर्यंत तो एकही लढत हरला नव्हता. आयुष्यात दोनदाच हरला, दोन्ही वेळा जपानच्या फायटिंग हाराडाकडून. हेवीवेट नसल्यामुळे त्याचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही.

सत्तरमध्ये अली तीनदा हरला. जो फ्रेझियर, केन नॉर्टन, लिऑन स्पिंक्स. याच दशकात अर्जेंटिनाचा कार्लोस मोन्झोन एकदाही हरला नाही, मिडलवेटचं विजेतेपद १४ वेळा राखून सन्मानाने निवृत्त झाला. पनामाचा रोबेर्तो दुरान लाइटवेटमध्ये वादळासारखा होता. एक हार, तीही विजेतेपदाची नव्हे, आणि हरवणाऱ्या एस्तेबान दे हेसूसला नंतर दोनदा बाद करून फिटवलेली. आकडे मोन्झोनकडे. पण अलीने कोणाला हरवलं? फ्रेझियरला दोनदा, नॉर्टनला दोनदा, ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात जॉर्ज फोरमनला, जो तोवर अजिंक्य होता आणि ज्याने फ्रेझियर आणि नॉर्टन दोघांनाही दोन-दोन फेऱ्यांत उडवलं होतं. तिन्ही हरींची त्याने परतफेड केली. असे प्रतिस्पर्धी हेवीवेटमध्ये एकाच वेळी पुन्हा आले नाहीत. सत्तरचं दशक अलीचं आहे, आणि ते त्याने पाय मंदावल्यावर मिळवलं याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

ऐंशीमध्ये माझं मन एकीकडे आणि नियम दुसरीकडे. मन मार्व्हिन हॅग्लरकडे. वर्षानुवर्षं संधीसाठी थांबलेला, १९८० मध्ये लंडनला जाऊन मिडलवेटचं विजेतेपद घेतलेला, आणि पुढे १२ वेळा राखलेला. एप्रिल १९८५ मध्ये टॉमी हर्न्सशी झालेल्या तीन फेऱ्या ज्याने पाहिल्या नसतील त्याने हे वाचणं थांबवून आधी त्या पाहाव्यात. दुसरीकडे लेनर्ड. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्याच्या या दशकात जेमतेम बारा लढती आहेत. पण त्यांत दुरान, हर्न्स आणि हॅग्लर यांच्यावरचे विजय आहेत.

६ एप्रिल १९८७ च्या हॅग्लर-लेनर्ड लढतीचा निकाल समजून घेण्यासारखा आहे. तीन परीक्षक असतात. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला बहुधा ९, खाली पडला तर ८. बारा फेऱ्यांची बेरीज. म्हणजे प्रत्येक फेरी हा स्वतंत्र सामना असतो. एक फेरी थोडक्यात जिंकली काय आणि झोडपून जिंकली काय, हिशोबात फरक फार पडत नाही. लेनर्ड प्रत्येक फेरीच्या शेवटच्या काही सेकंदांत ठोशांचा सपाटा लावायचा, जेणेकरून परीक्षक लिहायला घेतील तेव्हा तेच डोळ्यांसमोर असेल. एका परीक्षकाने लेनर्डला ११५-११३ दिलं, दुसऱ्याने हॅग्लरला ११५-११३, तिसऱ्याने लेनर्डला ११८-११०. तोच सामना, तेच तीन माणसांचे डोळे! हॅग्लर पुन्हा कधी लढला नाही. मी नियमाने लेनर्डचं नाव लिहिलं, आणि लिहिताना मला वाईट वाटलं. टायसन १९८६ मध्ये २० व्या वर्षी चॅम्पियन झाला, त्याची धडकी खरी होती, पण त्याच्यासमोरची नावं या चौघांच्या समोरच्या नावांपुढे टिकत नाहीत.

फेऱ्या १५ वरून १२ झाल्या त्या याच दशकात. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना चौदाव्या फेरीत पडलेला दक्षिण कोरियाचा किम दुक-कू वाचला नाही. त्यानंतर संघटनांनी एकामागून एक शेवटच्या तीन फेऱ्या काढून टाकल्या. जुन्या-नव्यांची तुलना करताना हे आठवायचं. भाचीला हे सांगताना मी हातातलं जाळं खाली ठेवलं होतं. खेळात काय पणाला लागतं ते तिला माहीत असायला हवं.

नव्वदचं दशक अमेरिकेतल्या बॉक्सिंग पत्रकारांच्या संघटनेने रॉय जोन्सला दिलं, २००० चं मॅनी पॅकियावला आणि २०१० चं फ्लॉइड मेवेदरला. जोन्सबद्दल मी सहमत. त्याने बर्नार्ड हॉपकिन्स आणि जेम्स टोनीला हरवलं आणि त्या दशकात एकदाच, तेही नियमभंगामुळे बाद ठरून, हरला. पर्नेल व्हिटकर मात्र त्याच्या मागे फार जवळ आहे. १९९३ मध्ये व्हिटकरने तोवर ८७ लढतींत अजिंक्य असलेल्या हुलिओ सेझार चावेझला अक्षरशः हवेत ठोसे मारायला लावले आणि परीक्षकांनी लढत बरोबरीत सोडली. कागदावर चावेझ अजिंक्यच राहिला. कागद वाचायचा की लढत पाहायची, या प्रश्नाचं उत्तर त्या रात्रीत आहे.

पॅकियावबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही. त्याचं जनरल सँटोस शहर टुना मासळीसाठी ओळखलं जातं, म्हणजे तोही किनाऱ्यावरचाच. १९९८ मध्ये ११२ पौंडांच्या फ्लायवेटमध्ये पहिलं विजेतेपद. २००१ मध्ये दोन आठवड्यांच्या सूचनेवर अमेरिकेत बदली म्हणून जाऊन दक्षिण आफ्रिकेच्या चॅम्पियन लेडवाबाला हरवलं. डिसेंबर २००८ मध्ये ऑस्कर दे ला होयाला वेल्टरवेटमध्ये असं बडवलं की तो स्टुलावरून उठलाच नाही. एकूण आठ वजनी गटांत विजेतेपदं. २००९ ची मिगेल कोटोविरुद्धची लढत आम्ही बोटीवर रेकॉर्डिंगवर पाहिली तेव्हा आमचा फिलिपिनो बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, रडला होता. मेवेदरने २०१५ मध्ये त्याला हरवलं. पण ती लढत पाच-सहा वर्षं उशिरा झाली, आणि मोठ्या लढती वेळेवर न होणं हाच आजच्या बॉक्सिंगचा रोग आहे. २०१० चं दशक मेवेदरला द्यायला हरकत नाही.

चालू दशकावर मी फार बोललो नाही. जपानचा नाओया इनोउए, युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक, अमेरिकेचा टेरेन्स क्रॉफर्ड, तिघंही एकाहून जास्त गटांत सगळे पट्टे एकत्र केलेले. हिशोब मे संपल्यावर करू.

भाचीने हे सगळं वहीत उतरवलं होतं. वही माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "आणि चेडवांची नावां खंय आसत?"

मी सांगितलं, नसायला कारण आहे. ऑलिंपिकमध्ये महिला बॉक्सिंग आलंच २०१२ मध्ये, लंडनला. ब्रिटनमध्ये जेन काउचला व्यावसायिक परवान्यासाठी लढाई द्यावी लागली आणि ती १९९८ मध्ये जिंकली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुख्य लढत दोन महिलांची झाली ती ३० एप्रिल २०२२ ला, केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांची. लँगफर्डला जे दार बंद होतं ते मुलींना शतकभर बंद होतं. मग मेरी कोमचं सांगितलं. तिने जागतिक स्पर्धेतली सुवर्णपदकं ४५ ते ४८ किलोच्या गटांत जिंकली. ऑलिंपिकमध्ये महिलांचे गट ठेवले फक्त तीन, आणि सर्वांत हलका ५१ किलोचा. दोन मुलांची आई असलेली मेरी वजन वाढवून, स्वतःपेक्षा उंच मुलींशी लढून कांस्यपदक घेऊन आली.

भाचीने पेन घेतलं आणि २००० च्या दशकासमोर पॅकियावच्या खाली मेरी कोम लिहिलं. मी म्हटलं, अगो, ही यादी व्यावसायिकांची. हौशी बॉक्सिंग वेगळं. तिथे फेऱ्या कमी, नियम निराळे. तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतलेला क्युबाचा तिओफिलो स्टीव्हनसनसुद्धा या यादीत नाही, कारण त्याच्या देशात व्यावसायिक बॉक्सिंगला बंदी होती.

ती वहीतलं वाचून दाखवू लागली. २००२, २००५, २००६, २००८. "चार सुवर्णां. चारय ह्याच धा वर्षांतली. २०१० आणि २०१८ चा मी धरूक नाय."

मी जाळ्याची सुई हातात घेतली. नाव वहीत तसंच आहे.